केळीला बी असतं का?

(दहावी १९९५च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ‘तू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर काहीतरी बोल.’ मी म्हटलं, त्यावर हल्ली सगळेच बोलतात, मी केळीच्या बियांवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारलं गेलं, ‘केळीला बी कुठे असतं?’

हाच प्रश्न मी सातवीत विचारला होता. इथेच, पत्र्याच्या जुन्या वर्गात. विज्ञानाच्या बाईंनी घरी खाल्लेल्या फळांच्या बिया आणून वहीत चिकटवायला सांगितल्या होत्या. कोणी चिकू आणला, कोणी सीताफळ, कोणी चिंचोके. आमच्या घरी केळीची बाग. त्यामुळे दुसरं फळ विकत आणायची पद्धतच नव्हती. मी केळं आणलं. बाकावर पट्टीने कापलं, आणि मधले काळे ठिपके दाखवून विचारलं, ‘बाई, हे बी आहे का?’ वर्ग हसला. हसण्यात पुढे कोण होतं ते मला अजून आठवतं. ते आत्ताही हसतायत.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी केळं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मला नक्की माहीत नाही. तू शोध आणि मला सांग.’ शिक्षकांना एखादी गोष्ट माहीत नसू शकते, आणि ते तसं वर्गासमोर सांगू शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं. ते बागेला पाणी धरत होते. म्हणाले, ‘केळीला बी नसतं, मुनवे असतात. मुनवा आईच्या बुडाशी वाढतो. बी असतं तर लांब गेलं असतं.’ मला ते पटलं, आणि प्रश्न तिथेच राहिला. बाई, आज ३३ वर्षांनी तो गृहपाठ घेऊन आले आहे. उशिराची शिक्षा झाली तरी चालेल.

आधी उत्तर सांगते. रानात वाढणाऱ्या केळीला बी असतं, भरपूर असतं. आपण बागेत लावतो तिला नसतं. आपली बसराई, श्रीमंती, ज्याला आपण जी-नाइन म्हणतो ते ग्रँड नैन, हे सगळे एकाच कॅव्हेंडिश घराण्यातले. रानटी केळीच्या पेशीत ११ गुणसूत्रांचे दोन संच असतात, म्हणजे २२. बी तयार होताना नराकडून ११ आणि मादीकडून ११ येतात, हिशोब बरोबर जमतो. कॅव्हेंडिशमध्ये मात्र तीन संच आहेत, म्हणजे ३३. गणिताचे सर समोर बसले आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते: ३३चे दोन सारखे पूर्ण भाग करा. होत नाहीत. म्हणून बी तयार होत नाही. फळ मात्र परागीभवन न होताच धरतं. मी बाकावर दाखवलेले ते काळे ठिपके म्हणजे बी होता होता राहून गेलेली बीजांडं होती.

अशी बिनबियांची, गोड, गराची केळ माणसाला कधीतरी रानात सापडली आणि त्याने तिचे मुनवे काढून दारात लावले. न्यू गिनी बेटावर सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत असल्याचे पुरावे मिळाले आहेत. मुनव्यावरून मुनवा असाच हा वंश चालत आला. म्हणजे बागेतलं प्रत्येक झाड आपल्या आईची हुबेहूब नक्कल असतं. आता टिश्यू कल्चरची रोपं येतात, तीसुद्धा नक्कलच, फक्त बाटलीत वाढलेली. म्हणून तर आपल्याकडचे घड एकसारखे येतात आणि एकाच वेळी कापणीला येतात. यावल-रावेरच्या प्रत्येक घराने या एकसारखेपणाचा पैसा पाहिला आहे. माझी इंजिनीअरिंगची फी त्यातूनच गेली.

याची दुसरी बाजू मला पाच वर्षांपूर्वी कळली. त्या साली नानांनी दोन एकरात मृगबाग लावली होती, साडेतीन हजार रोपं. ऑगस्टमध्ये सतत ढगाळ हवा होती. पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले. हरण्या. पुस्तकात त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि एकदा रोप धरलं की त्यावर औषध नाही. उपटून नष्ट करणं एवढंच हातात असतं. नानांनी आणि माझ्या भावाने तीन दिवसांत जवळजवळ दोन हजार रोपं उपटली.

मी तेव्हा पुण्यात घरून काम करत होते. भावाने बांधावर पडलेल्या रोपांच्या ढिगाचा फोटो पाठवला. मी काय केलं असेल? इंजिनीअर जे करतो ते. नानांना तीन व्हिडिओ पाठवले, एक तक्ता करून पाठवला, आणि फोनवर म्हटलं, ‘नाना, आता केळी सोडा. दुसरं काही लावा.’ ते म्हणाले, ‘बरं.’ त्यानंतर आठ दिवस त्यांचा फोन नाही. मी केला की ‘जेवलीस का’, ‘तिकडे पाऊस आहे का’, आणि फोन आईकडे. ज्या माणसाने केळीवर दोन मुलं शिकवली, त्याला त्याच्या सर्वांत वाईट आठवड्यात मी चाळीस वर्षांचा धंदा बंद करायला सांगत होते, आणि तेही खुर्चीत बसून. हे मला कळायला बराच वेळ लागला.

बोलणं थांबलं तेव्हा मी वाचायला लागले. एकसारख्या झाडांचं काय होतं ते जगाने याआधी पाहिलेलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिका-युरोपात जाणारं केळं ‘ग्रो मिशेल’ नावाच्या जातीचं होतं. पनामा रोगाने, म्हणजे मातीतल्या एका बुरशीने, ते मळेच्या मळे बसवले. तेव्हा त्या बुरशीला दाद न देणारी कॅव्हेंडिश पुढे आली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतो, आणि तो आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडला आहे. ज्याला बी नाही त्याचं बी पुडीत घालून जपताही येत नाही. म्हणून बेल्जियममधल्या ल्युव्हेन शहरात केळीच्या १,५०० हून अधिक जातींची रोपटी परीक्षानळ्यांत जिवंत ठेवली आहेत. आमच्या भाषेत तो बॅकअप. आणि नवी जात तयार करायची झाली, तर शास्त्रज्ञांना शेवटी रानटी, बियांच्या केळीकडेच जावं लागतं. तिच्यातलं प्रत्येक बी वेगळं असतं, आणि रोगाशी झुंजण्याची ताकद त्या वेगळेपणातच सापडते. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात हेच काम चालतं.

हे वाचल्यावर मला बाईंचा गृहपाठ आठवला. ठरवलं, एक तरी केळ बियांपासून उगवून बघायची.

सुरुवात फजितीने झाली. मी ऑनलाइन ‘निळ्या केळ्यांचं बी’ मागवलं. पाकिटावर आकाशी रंगाच्या घडाचं चित्र होतं. पेरलं, पाणी घातलं, बारा दिवसांत उगवलं. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. महिन्याभरात कळलं की तो माठ आहे. आम्ही त्याची भाजी केली. तुम्हालाही अशी चित्रं दिसतील, तर पैसे वाचवा. केळीचं बी वाटाण्याएवढं किंवा त्याहून मोठं, काळपट आणि दगडासारखं कडक असतं. बारीक, मोहरीसारखं काही आलं तर ती केळ नव्हे. आणि बाजारातल्या केळ्यातून बी काढायचा खटाटोपही करू नका, कारण आत्ताच सांगितलं.

खरं बी मिळालं ते २०२३च्या फेब्रुवारीत. ताम्हिणी घाट उतरून आम्ही कोकणात जात होतो. एका घरामागे उतारावर केळीसारखंच, पण बुंध्याशी चांगलंच फुगलेलं खोड दिसलं. मी गाडी थांबवायला लावली. घरातल्या आजी म्हणाल्या, ‘ती चवेणी. खायला काय नाय त्यात, नुसत्या बिया.’ चवेणी, म्हणजे सह्याद्रीतली रानकेळ. काही ठिकाणी तिला चवई म्हणतात. ती केळीच्या कुळातली, पण वेगळ्या शाखेची. तिला मुनवे फुटत नाहीत. काही वर्षं वाढते, आयुष्यात एकदाच फुलते, घड देते आणि मरते. मागे राहतं ते फक्त बी. आजींनी तीन पिकलेली फळं दिली. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘उगवलं तर सांगा.’ रानातली रोपं मात्र कोणी उपटून आणू नका. कड्यांवर ती आधीच थोडी उरली आहेत. बी मिळालं तर तेवढंच घ्या.

घरी येऊन बिया गरातून सोडवल्या आणि राखेने चोळून स्वच्छ धुतल्या. गर राहिला तर बुरशी येते. बावीस बिया निघाल्या. त्यातल्या दहा मी लगेच लावल्या आणि ट्रे इंटरनेटच्या राउटरवर ठेवला, म्हणजे चोवीस तास ऊब मिळेल. तापमानाचा तक्ता केला. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पाच आठवड्यांनी उकरून पाहिलं, तर सहा कुजल्या होत्या आणि चार होत्या तशाच होत्या.

त्या दिवशी मी नानांना फोन केला. अडीच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना काही सांगायला नाही, तर विचारायला फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘घरात ठेवलंस?’ मी म्हटलं, ‘हो, ऊब मिळावी म्हणून.’ ते म्हणाले, ‘रानातलं बी आहे ते. त्याला दिवस कळू दे, रात्र कळू दे. आणि पाणी कमी कर, भात लावलाय का?’

पुढे वाचनात आलं की रानटी केळीच्या बियांवर झालेल्या प्रयोगांतही हेच दिसलं आहे. तापमान सतत एकसारखं ठेवलं तर बी झोपलेलंच राहतं. दिवसा गरम आणि रात्री गार असा फरक मिळाला, तर ते जागं होतं. नानांनी तो प्रयोग वाचलेला नव्हता.

दुसऱ्या खेपेला काय केलं ते नीट सांगते, कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. उरलेल्या बारा बिया तीन दिवस पाण्यात भिजवल्या, पाणी रोज बदललं. प्रत्येक बी एका बाजूने पॉलिशपेपरवर थोडं घासलं, आतल्या गराला धक्का लागणार नाही इतपतच. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट आणि मूठभर गांडूळखत. बी बोटाच्या एका पेराहून कमी खोल. ट्रेवर जाळी, कारण उंदीर. आणि ट्रे गच्चीवर, अर्ध्या सावलीत. मार्चअखेरीस पुण्यात दुपारी ३६ अंश आणि पहाटे १७-१८ असा फरक आपोआप मिळतो. माती हाताला ओलसर लागेल एवढंच पाणी. आणि मग थांबायचं. हे शेवटचं काम मला सर्वांत जड गेलं. आमच्या धंद्यात बटण दाबलं की दोन मिनिटांत कळतं, चाललं की नाही. इथे उत्तर यायला तीन आठवडेही लागतात आणि सहा महिनेही.

त्या दिवसांत नानांचा रोज फोन यायला लागला. रात्री साडेआठला, बातम्या संपल्या की. ‘उगवलं का?’ ‘नाही.’ ‘बरं.’ मग तेच पुढे बोलायला लागायचे. कांदेबाग कशी आहे, निसवण कशी झाली, घडाला किती फण्या आल्या, भाव काय फुटला, लहानपणी त्यांच्या वडिलांनी मुनवे बैलगाडीतून कसे आणले. लग्नानंतरच्या वीस वर्षांत आम्ही दोघं इतकं बोललो नव्हतो. त्या मधल्या काळात कधीतरी मी म्हटलं, ‘नाना, तेव्हा केळी सोडा म्हटलं ते चुकलं माझं.’ ते म्हणाले, ‘तू चुकीचं नाही बोललीस. लांबून बोललीस.’

एक्केचाळिसाव्या दिवशी मातीतून हिरवी सुई वर आली. मी कामाच्या मीटिंगमधून उठून गच्चीवर गेले आणि पहिला फोन नानांना केला. जूनपर्यंत आणखी दोन आल्या. बारात तीन. त्यातली एक गोगलगायीने खाल्ली, एक पावसात मानेशी कुजली. एक राहिली.

या सगळ्यातून आमच्या बागेचा प्रश्न सुटला का? नाही. चवेणीचं आणि आपल्या केळीचं कूळ एक असलं तरी शाखा वेगळी. घरच्या कुंडीत त्यांचा संकर होत नाही. नवी जात तयार करणं हे प्रयोगशाळेचं आणि दशकांचं काम आहे. नाना आणि भाऊ आता चाचणी झालेली, विषाणूमुक्त रोपंच घेतात. बागेच्या जवळ काकडी-भोपळ्याचे वेल लावत नाहीत, कारण तो विषाणू त्यांच्यावरही राहतो. माव्यावर लक्ष ठेवतात. आणि सगळ्या जमिनीत केळीच लावायची सवय त्यांनी मोडली. आता अर्ध्यात केळी, अर्ध्यात हळद आणि मका. हा निर्णय त्यांचा, माझ्या तक्त्यातून आलेला नाही.

आता त्या बादलीविषयी. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला मोठी काळी बादली ठेवली आहे. सकाळपासून तिघांनी विचारलं, ‘हे वाळलेलं काय आणलंस?’ एकाने त्यात चहाचा कप टाकला. तीच माझी चवेणी. दोन पावसाळे उलटून गेले, आता तिसरा झाला.

पहिल्या हिवाळ्यात, २०२३च्या डिसेंबरात, तिची पानं एकेक करून पिवळी पडली आणि गळली. हाताएवढं खोड राहिलं. मला वाटलं, गेली. नानांना फोन करून रडवेली होऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘खोड दाबून बघ. टणक आहे ना? मग झोपली आहे. उपटू नको.’ मला माहीत आहे, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणती रोपं होती. सहा महिने मी त्या खोडाला पाणी जवळजवळ दिलंच नाही, नुसतं बघत राहिले. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर मधोमध गुंडाळलेलं पान वर आलं. सह्याद्रीच्या कड्यावर चवेणी असंच करते. पाऊस असेपर्यंत वाढते, नंतर पानं टाकून देते आणि उन्हाळा खोडात काढते.

ही केळ पुढे दहा-बारा फूट होईल. माझ्या सोसायटीच्या गच्चीवर तिला जागा नाही. मुख्याध्यापक सरांशी बोलले आहे. उद्या सकाळी आपण ती शाळेच्या मागच्या उताराला, पाणी साचणार नाही अशा जागी लावणार आहोत. आपल्याकडचा मे महिना तिला नवीन आहे, म्हणून पहिली दोन वर्षं दुपारची सावली करावी लागेल. जगेलच अशी खात्री मी देत नाही. नाना उद्या स्वतः खड्डा बघायला येणार आहेत. ते म्हणतात, जगेल.

कधीतरी ती एकदाच फुलेल. घड येईल, बिया पिकतील, आणि ती मरेल. तेव्हा जे कोणी इथे असतील त्यांनी त्या बिया सातवीच्या मुलांना वाटाव्यात, प्रत्येकाला एक. उगवलं नाही तरी चालेल. वहीत चिकटवायला होईल.

बाई, माझा गृहपाठ झाला. तपासून द्यावा.

आणि शाळेतल्या सर्वांना, विशेषतः माळीकाकांना, हात जोडून एकच विनंती. दरवर्षी दिवाळीनंतर ती मेल्यासारखी दिसेल. खोड दाबून बघा. टणक असेल तर उपटू नका. जूनपर्यंत थांबा.